हत्यारांची निवड

हत्यार कोणतें घ्यावें हा प्रश्न आपण बहुधा दुकानदारास विचारतों, आणि तोहि त्याच्या दृष्टीनें योग्य असें उत्तर देतो. परंतु या प्रश्नाचा बराचसा भाग दुकानदाराच्या अधिकारांतला नसून ज्याच्या त्याच्या घरांतला आहे, ही गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. कळंबोलीसारख्या वसाहतींतील एखाद्या सुशिक्षित कुटुंबाचें उदाहरण घेऊं. वडील नोकरीसाठीं रोज मुंबईस जातात, आई शाळेंत शिकविते; बारा वर्षांच्या मुलानें आणि दहा वर्षांच्या मुलीनें मनावर घेतलें आहे कीं, सुटींत घरच्या घरीं लांकडाचें बूमरँग करावयाचें. वडिलांच्या मतें विजेची एक लहान करवत व एक घांसण्याचें यंत्र मागवावें, म्हणजे काम तासाभरांत उरकेल. आजोबांच्या मतें पोरांच्या हातीं हत्यार देऊंच नये, सुताराकडून करून आणावें. आई म्हणते, विकत मिळत असतां एवढी यातायात कशाला? तिघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे, आणि तिघांचेंहि म्हणणें आम्हांस अपुरें वाटतें. कारण हत्यार निवडतांना आपण केवळ काम कसें उरकावें एवढेंच ठरवीत नाहीं; त्या कामांत मुलाचा वांटा किती, शेजाऱ्याला त्रास किती, आणि ज्यांनीं हीं कामें पिढ्यान्‌पिढ्या केलीं त्यांच्याविषयीं आपल्या मनांत आदर किती, हेंहि नकळत ठरवून टाकतों.

कळंबोली हें नांव आज लोखंडाशीं जोडलें गेलें आहे. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, खाडीकांठच्या खाजणांवर व भातशेतांवर नवी मुंबई वसविण्याचें काम निघालें, आणि मुंबईच्या दाटीवाटींतला लोखंड-पोलादाचा व्यापार हलवितां यावा म्हणून कळंबोलीस बाजार बांधण्यांत आला. पुण्याकडे जाणारा द्रुतगति मार्ग येथूनच सुटतो. पत्र्याचीं भेंडोळीं, गज आणि तुळया यांनीं लादलेल्या मालमोटारी रात्रंदिवस ये-जा करितात. ज्या गांवांत पोलाद टनांनीं मोजलें जातें तेथें वीतभर कानशीची चर्चा करणें कोणास हास्यास्पद वाटेल. परंतु याच पनवेल परिसराला दुसरीहि एक ओळख होती. इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांत पनवेलचा मुख्य उद्योग म्हणून गाडीचीं चाकें घडविणें हा नमूद आहे. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला; त्या वाटेनें देशावरून उतरणारा गाडीवान, ऐपत असल्यास, परततांना पनवेलच्या चाकांची जोडी घेऊन जाई. म्हणजे हें गांव एके काळीं लांकूड जाणणाऱ्या हातांचें होतें. तीं चाकें ज्या वाकसानें व पटाशीनें घडत त्या हत्यारांचीं नांवें तरी आज आमच्या मुलांपैकीं कितीकांस ठाऊक असतील?

आतां ज्या वस्तूसाठीं हा खटाटोप ती वस्तु पाहूं. बूमरँग म्हणजे फेंकल्यावर परत येणारें लांकूड एवढी कल्पना सर्वांना असते, पण ती अर्धीच खरी आहे. ऑस्ट्रेलियांतील मूळ रहिवाशांचीं बहुतेक बूमरँगें शिकारीचीं असत. तीं लांब, जड आणि सरळ जाणारीं. नेम चुकलेलें लांकूड आपल्याच कपाळाकडे परत यावें असें कोणत्या शहाण्या शिकाऱ्यास वाटेल? परतणारें हलकें बूमरँग हें मुख्यतः खेळाचें, किंवा पांखरांच्या थव्यास भिववून जाळ्याकडे वळविण्याचें साधन होतें. हा शब्द सिडनीच्या आसपासच्या मूळ भाषेंतून इंग्रजींत आला. वस्तु मात्र त्या शब्दापेक्षां पुष्कळच जुनी व दूरवर पसरलेली आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियांत वायरी स्वँप येथील दलदलींत सुमारें १०,००० वर्षांपूर्वीचीं लांकडी बूमरँगें सांपडलीं आहेत. पोलंडमधील ओब्लाझोवा गुहेंतलें, मॅमथच्या सुळ्यापासून घडविलेलें बूमरँग सुमारें ४०,००० वर्षांपूर्वीचें असल्याचें २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत म्हटलें आहे. मिसरच्या तूतनखामेन राजाचें थडगें १९२२ सालीं उघडलें, त्यांतहि फेंकण्याचीं वांकडीं लांकडें निघालीं. आपल्या देशांत गुजरातेंतील कोळी आणि तमिळ प्रदेशांतील कळ्ळर व मरवर हे असलें हत्यार बाळगीत. तमिळ भाषेंत त्यास वळरि म्हणतात, आणि १८०१ सालीं इंग्रजांनीं फांशीं दिलेल्या शिवगंगेच्या मरुदु बंधूंचें नांव त्याच्याशीं आजहि जोडलें जातें. चिंचा पाडण्यासाठीं वांकडें दांडकें भिरकावणारा आमचा मुलगा या परंपरेपासून फारसा दूर नाहीं. तेव्हां बूमरँग ही एकाच समाजाची मिरास नव्हे, आणि तें घरीं करून पाहण्यांत आम्हांस गैर कांहीं दिसत नाहीं. मात्र तेथील चित्रकारांची ठिपक्यांची नक्षी उचलून आपल्या लांकडावर काढावी आणि तें ‘अस्सल’ म्हणून कोणास भेट द्यावें, हें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

तें परत कां येतें हें भोवरा खेळलेल्या कोणासहि समजण्यासारखें आहे. बूमरँगाचे दोन बाहू म्हणजे दोन पंख; त्यांची एक बाजू सपाट व दुसरी फुगीर असते. तें आडवें न फेंकतां जवळजवळ उभें धरून, मनगटाच्या झटक्यानें गरगर फिरवीत फेंकतात. फिरतांना जो बाहू वर असतो तो उड्डाणाच्याच दिशेनें धांवत असतो, म्हणून त्याच्यावरून वारा अधिक वेगानें वाहतो; खालचा बाहू उलट दिशेनें जात असल्यामुळें त्याच्यावर वाऱ्याचा जोर कमी. या विषमतेमुळें सबंध लांकूड एका अंगास कलूं पाहतें. पण फिरता भोवरा कलला तरी पडत नाहीं, त्याचें डोकें हळूहळू गोल फिरूं लागतें; त्याच न्यायानें फिरतें बूमरँग न पडतां वळत जातें आणि वर्तुळ पुरें करून परत येतें. ग्रोनिंगेन विद्यापीठांत फेलिक्स हेस यांनीं १९७५ सालीं या विषयावर एक मोठा प्रबंध सादर केला. या गणिताचें एक फळ आमच्या विषयास फार उपयोगी आहे. तें असें कीं, बूमरँगानें किती मोठें वर्तुळ घ्यावें हें फेंकणाराच्या जोरावर फारसें अवलंबून नसतें. तें लांकडाच्या घडणीनेंच बव्हंशीं ठरून गेलेलें असतें. म्हणजे मैदानांत जें घडावयाचें त्याचा निकाल हातांतल्या कानशीनें आधींच लावलेला असतो.

तेव्हां हत्यारांकडे वळूं. पण लांकडाची निवड ही हत्यारांच्या निवडीचीच पहिली पायरी आहे, हें येथें सांगितलें पाहिजे. ऑस्ट्रेलियांतील जुन्या कारागिरांजवळ दगडी कुऱ्हाड, राळेनें दांड्यास चिकटविलेली दगडी छिलणी, आणि विस्तव, एवढींच साधनें असत. इतक्या थोड्या साधनांत त्यांचें काम भागे, कारण ते मुळ्या आणि बुंधा यांच्या सांध्यावरचें, निसर्गतःच वांकलेलें लांकूड हेरून घेत. अशा लांकडाचे तंतू कोपऱ्याबरोबर वळलेले असतात. सरळ फळींतून तोच आकार कापला तर एका बाहूंत तंतू आडवे येतात, आणि पहिल्या आपटण्यास तो बाहू तुटतो. हें ज्ञान आपल्याकडे नव्हतें असें नाहीं. नांगरासाठीं बाभळीचें वांकडें खोड शोधणारा शेतकरी आणि होडीच्या बरगड्यांसाठीं वांकडें लांकूड निवडणारा खाडीकांठचा कारागीर हेच करीत असे. ज्यास लांकूड पाहतां येतें त्यास हत्यारें थोडीं लागतात. शहरांतल्या माणसास झाड पाहावयास मिळत नाहीं, म्हणून तो पाव इंच जाडीचें प्लायवुड आणतो. त्याचे पदर एकमेकांस आडवे चिकटविलेले असल्यामुळें कोठल्याहि दिशेनें कापलें तरी बळकटी राहते. परदेशांत बर्चच्या लांकडाचें पांच किंवा अधिक पदरांचें प्लायवुड यासाठीं उत्तम मानतात. आपल्याकडे घेतांना कडेनें पाहावें, पदर मोजावे, आणि मधल्या पदरांत पोकळी दिसली तर तें सोडून द्यावें.

येथें केवळ हातकामाचा आग्रह धरणारांस आम्ही एक गोष्ट नम्रपणें विचारूं. प्लायवुड हें कोणाच्या हातानें होतें? ओंडका प्रचंड यंत्रावर फिरवून, कागदाच्या गुंडाळीप्रमाणें त्याचा पदर सोलून काढतात. चिकटविणें, दाबणें सारें यंत्रानें. तें घेऊन घरीं आल्यावर ‘आम्हीं यंत्र वापरलें नाहीं’ असा अभिमान मिरविण्यांत अर्थ नाहीं. यंत्र कोठेंतरी आलेंच आहे. खरा प्रश्न हातानें कीं यंत्रानें असा नसून, कामाचा कोणता भाग आपण यंत्राच्या स्वाधीन करावा आणि कोणता आपल्याजवळ ठेवावा असा आहे. आणि या प्रश्नाचें उत्तर सर्वांस सारखें असूं शकत नाहीं.

ज्याचें पोट लांकडावर आहे त्याला हातरंधाच वापर म्हणून सांगणें हा आम्ही क्रूरपणा समजतों. दिवसभर दहा दारें रंधणाऱ्या माणसाचे खांदे पन्नाशीच्या आंत निकामी होतात. विजेचा रंधा त्याचें आयुष्य वांचवितो. हातानें केलेल्या वस्तूचें सौंदर्य, घामाचें पावित्र्य वगैरे भाषा बहुधा ज्यांस तो घाम गाळावा लागत नाहीं अशांच्याच तोंडीं असते, आणि आम्ही लेखक लोक या बाबतींत विशेष दोषी आहों. पण जो न्याय चरितार्थाला तोच खेळाला लावणें चूक आहे. सुताराचें दार लवकर झालें तर त्याला व गिऱ्हाइकालाहि लाभ आहे. मुलांचें बूमरँग तासाभरांत झालें तर लाभ कोणाचा? सुटी तर त्यांना घालवावयाचीच आहे. प्रवास हेंच ज्याचें प्रयोजन आहे त्यानें वाट आंखूड केल्याबद्दल कोणाचे आभार मानावे?

येथपर्यंतचें म्हणणें वडिलांना कदाचित् पटेल, तरी ते म्हणतील कीं, एवढा वेळ मुलें टिकणार नाहींत. अर्ध्यावर सोडून देतील, आणि अर्धवट टाकलेलें काम हें न केलेल्या कामापेक्षां वाईट. ही शंका खोटी नाहीं. म्हणून वेळेचा मुद्दा बाजूस ठेवून आम्ही दुसराच पुढें करतों, आणि तो आम्हांस मुख्य वाटतो. विजेची करवत मिनिटाला दोन-तीन हजार वेळां खालींवर होते. ती रेषेवरून घसरली हें डोळ्यांना कळावें, डोळ्यांनीं मनाला सांगावें आणि मनानें हात आवरावा, एवढ्या अवधींत ती बोटभर आंत गेलेली असते. घांसण्याच्या यंत्राचेंहि तसेंच. लांकूड कमी करतां येतें, वाढवितां येत नाहीं. म्हणून ज्या क्षणीं थांबावयास पाहिजे तो क्षण ओळखतां येणें हीच या कामांतली खरी विद्या. निष्णात कारागीर यंत्राच्या पुढें विचार करतो, त्याच्या हातीं यंत्र शोभतें. नवशिका यंत्राच्या मागून धांवतो. हत्याराचा वेग ज्याच्या त्याच्या विवेकाच्या वेगाहून फार अधिक नसावा, अशी आमची समजूत आहे. आणि ती केवळ लांकूडकामापुरती आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

या दृष्टीनें पाहतां हातकानस हें केवढें शहाणें हत्यार आहे! ती प्रत्येक फेऱ्यास थोडेंच लांकूड घेते आणि फेऱ्याफेऱ्यास विचार करावयास अवसर देते. त्यांत प्लायवुड स्वतःच गुरूचें काम करतें. कड उतरती घांसूं लागलें कीं निरनिराळ्या पदरांच्या गडद-फिक्या रेघा वर दिसूं लागतात. नकाशावर डोंगराची उंची दाखविणाऱ्या रेषा असतात तशाच. रेघा समांतर गेल्या तर उतार सारखा आहे. एखादी वांकली तर त्या ठिकाणीं खळगा किंवा उंचवटा आहे. मापाचें कोणतेंहि यंत्र न घेतां दहा वर्षांची मुलगी आपलें काम आपण तपासूं शकते. तीच कड यंत्रानें घांसली तरी रेघा दिसतातच, पण काम आटोपल्यावर, म्हणजे उपयोग संपल्यावर.

मग घ्यावें काय? आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें हत्यार पेन्सिल. बूमरँगाच्या दोन बाहूंच्या पुढच्या कडा एकाच बाजूस नसतात. तें गरगर फिरत असल्यामुळें एका बाहूची वारा कापणारी कड कोनाच्या बाहेरच्या अंगास येते, तर दुसऱ्याची आंतल्या. पुढची कड बोथट गोलाईची, मागची लांब उतरत जाऊन पातळ झालेली, असें दोन्ही बाहूंस पाहिजे. नवशिके दोन्ही बाहू आरशांतल्यासारखे सारखे घांसून ठेवतात, आणि मग तें लांकूड जमिनीवर कां आदळतें याचा विचार करीत बसतात. करवत हातीं घेण्यापूर्वीं पेन्सिलीनें चारी कडांवर ‘पुढची’, ‘मागची’ असें लिहून काढण्यास पांच मिनिटें पुरतात. त्यानंतर धनुष्याकृति चौकटींत बारीक पातें ताणलेली कमानी करवत, आणि तिचीं डझनभर पातीं, कारण तीं तुटणारच. लांकडाची एक अर्धगोल खरबरीत कानस, एक बारीक दांतांची, दोन-तीन प्रतींचा पॉलिशपेपर. आणि लांकूड टेबलास आवळून धरणारा शिकंजा, ज्याची आठवण खरेदीच्या वेळीं कोणासच होत नाहीं. एका हातानें लांकूड दाबून दुसऱ्यानें कापणें हेंच बहुतेक जखमांचें मूळ. दोन्ही हात हत्यारावर असले तर एकहि हात पात्यापुढें येत नाहीं.

याहून अधिक कांहीं घेऊं नये. चाळीस हत्यारें एका पेटींत, आणि किंमत एका चांगल्या कानशीहून थोडीच जास्त, अशा पेट्या आज सर्वत्र मिळतात. त्यांतलें पोलाद नरम असतें. धार दोन दिवसांत जाते, आणि मुलाची समजूत होते कीं दोष आपल्या हातांत आहे. हें नुकसान पैशाच्या नुकसानीपेक्षां मोठें आहे. वाईट हत्यार मुलाला त्याच्या स्वतःच्या कुवतीविषयीं खोटी साक्ष देतें. शिवाय चाळीस हत्यारांच्या धन्याला एकाचीहि ओळख नसते. खंडेनवमीस सुतार आपल्या हत्यारांवर झेंडू वाहतो, तो त्या प्रत्येकाशीं वर्षभर बोललेला असतो. आमच्या घरांतल्या न उघडलेल्या पेटीवर फूल ठेवणें म्हणजे न वाचलेल्या पोथीस गंध लावण्यासारखेंच. ज्यास एखादें हत्यार एकदांच लागणार आहे त्यानें तें मागून आणावें. मागून आणलेलें हत्यार परत करतांना निसण्यावर धार लावून परत करावें, ही रीति पूर्वीं होती म्हणतात. ती पुन्हां सुरू झाल्यास शेजारधर्माला बरेंच बळ येईल.

शेजारधर्माचा विषय निघालाच आहे. सहा मजली इमारतींतल्या सज्ज्यांत विजेची करवत चालविणारा माणूस एकटा काम करीत नाहीं. चार घरांच्या भिंती त्याच्याबरोबर थरथरतात. खालीं कोणी रातपाळी करून झोंपलेलें असतें, वर कोणाचें तान्हें मूल असतें. यंत्राची उडविलेली बारीक धूळ जिन्यांतून कोणाच्या घरांत जाईल याचा नेम नसतो. ही धूळ निरुपद्रवी समजूं नये: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें १९९५ सालीं लांकडाच्या धुळीची गणना माणसांस कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे. हा धोका वर्षानुवर्षें धुळींत काम करणारांचा आहे, एका बूमरँगाचा नव्हे. तरी कानशीनें घांसतांनाहि नाकावर पट्टी असावी आणि भुसा ओल्या फडक्यानें टिपून घ्यावा. आमच्या घरीं आम्ही कांहींहि करूं हें वाक्य वाड्यांत कोणी उच्चारलें नसतें, कारण तेथें भिंतीपलीकडचीं माणसें नांवानिशीं ठाऊक होतीं.

आतां आजोबांचें म्हणणें. मुलांच्या हातीं धार देऊं नये असें ते म्हणतात तेव्हां त्यांच्या डोळ्यांपुढें मुलगा असतो. त्यांच्याच घरांत दहा वर्षांची नात विळीवर बसून मेथी चिरते, सणावारीं खोवणीवर नारळ खवते, आणि तें पाहून कोणाच्याहि पोटांत गोळा येत नाहीं! विळीचें उभें, उघडें, मांडीजवळचें पातें कमानी करवतीच्या बारीक दांत्यांपेक्षां किती तरी धोक्याचें आहे. मग एक हत्यार सहज आणि दुसरें भयंकर कां वाटतें? कारण विळी ही ‘शिकवावयाची’ गोष्ट नाहीं असें आपण धरून चाललों आहों. ती मुलीला येतेच, यावीच. तिनें ती आईच्या शेजारीं बसून, बोट थोडें कापून घेऊन, जपून वागण्यास शिकत आत्मसात् केली, या शिक्षणाचें श्रेय आपण कधीं दिलें नाहीं. ज्या मुलीस विळी चालवितां येते तिला करवत चालवितां न येण्याचें कांहीं कारण नाहीं. उलट, धारेशीं कसें वागावें हें आपल्या भावास तीच शिकवूं शकेल.

सुताराकडून करून आणावें यांत आणखीहि एक गोष्ट दडलेली आहे. गांवगाड्यांत सुतार व लोहार हे बलुतेदार. त्यांस धान्य मिळे, मान मिळाला तर सणापुरता. त्यांची विद्या पुस्तकांत आली नाहीं, कारण पुस्तकें लिहिणारांनीं ती विद्या मानलीच नाहीं. युरोपांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत स्वीडनमधील ओटो सालोमोन यांनीं ‘स्लॉइड’ नांवाची शिक्षणपद्धति नावारूपास आणली. तींत मुलाच्या हातीं प्रथम चाकू देत, आणि सोप्यापासून कठिणाकडे अशा उपयुक्त लांकडी वस्तु करवून घेत. हेतु सुतार घडविण्याचा नव्हता, डोळा, हात व बुद्धि यांची सांगड घालण्याचा होता. आपल्याकडे १९३७ सालीं वर्धा येथील परिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगांतून शिक्षणाची कल्पना मांडली, आणि झाकिर हुसेन समितीनें तिची योजना तयार केली. ती मागें कां पडली याचीं कारणें पुष्कळ सांगतात. आम्हांस एक कारण ठळक दिसतें: आमच्या वर्गानें ती योजना दुसऱ्यांच्या मुलांसाठीं उत्तम ठरविली. स्वतःच्या मुलांस आम्हीं टंकलेखन शिकविलें, पुढें संगणक शिकविला; करवत नाहीं. सुताराकडे काम देण्यास आमचा विरोध नाहीं. पण ज्यानें स्वतः एकदां कड घांसून पाहिली आहे तोच सुताराच्या मजुरीबद्दल घासाघीस करतांना थोडा अडखळेल. तेवढें अडखळणें सुताराच्या दृष्टीनें पुष्कळ आहे.

आईचा प्रश्न राहिला: विकत कां आणूं नये? आणावें, आमची मनाई नाहीं. विकतचें बूमरँग बहुधा चांगलें उडतेंहि. पण तें बिघडलें तर फेंकून द्यावें लागतें, कारण तें कां उडत होतें हेंच घरांत कोणास ठाऊक नसतें.

आणि जर अगदींच आरंभ करावयाचा असेल तर तो लांकडापासूनहि करूं नये असें आम्ही सुचवूं. घरांतली कात्री घ्यावी. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याच्या तीन सारख्या पट्ट्या कापाव्या, मध्यभागीं एकावर एक ठेवून तीन पात्यांचा पंखा करावा, शिवून किंवा चिकटवून टाकावा, आणि पातीं बोटांनीं किंचित् वर वळवावीं. दिवाणखान्यांतहि तें दोन-तीन हातांवरून वळून परत येतें. २००८ सालीं ताकाओ दोई या जपानी अंतराळवीरानें अंतराळस्थानकांत, जेथें वस्तूंस वजन जाणवत नाहीं तेथेंहि, लहानसें बूमरँग फेंकून पाहिलें, आणि तें परत आलें. कारण तेथें वजन नसलें तरी हवा होती. बोटांनीं पात्यास दिलेला एवढासा बांक उड्डाणांत केवढा फरक करतो हें ज्या मुलानें पुठ्ठ्यावर पाहिलें, तें पुढें कानस धरतांना आपोआप जपेल. ही कात्री आजोबांच्याहि आक्षेपांत बसत नाहीं.

लांकडी बूमरँग मात्र घरांत, गच्चीवर किंवा इमारतीच्या आवारांत फेंकणें हा शुद्ध अविचार होय. त्याचें वर्तुळ वीस-तीस मीटर पलीकडे जातें, आणि चुकलें तर तें कोणीकडे जाईल हें फेंकणारासहि सांगतां येत नाहीं. मूळ पुरुष शिकारीचें हत्यार होता, हें विसरूं नये. कळंबोलीच्या मैदानांवर संध्याकाळीं क्रिकेटचे चार डाव एकमेकांत मिसळलेले असतात. तेथें हें खेळणें नेऊं नये. पहांटे, वारा पडलेला असतां, चारी बाजूंस पन्नास पावलें मोकळीं असलेली जागा शोधावी. कोणी फिरावयास आलें तर तें दूर जाईपर्यंत थांबावें. अशी जागा जवळपास मिळणार नसेल तर करवत विकत घेण्यापूर्वींच ही गोष्ट मुलांस सांगावी. वस्तु करून दिल्यावर ती वापरूं नको म्हणणें, हा वडीलधाऱ्यांचा नेहमींचा अन्याय आहे.

पहिल्या दिवशीं तें बहुधा परत यावयाचें नाहीं. म्हणून कानस आणि पॉलिशपेपर मैदानांत बरोबर न्यावे. फार उंच चढून पडत असेल तर आडवें फेंकलें गेलें काय तें पाहावें. मुळींच वळत नसेल तर मागची कड आणखी पातळ करावी. वळूनहि अलीकडे पडत असेल तर बाहूंच्या टोंकांस शेगडीवर जरा ऊब देऊन केसभर वर वांकवावें, आणि गार होईपर्यंत तसेंच धरून ठेवावें. प्रत्येक वेळीं एकच बदल करावा, नाहीं तर कशानें काय झालें हें कळणार नाहीं. मुलगी डावरी असेल, तर भावाचें बूमरँग तिच्या हातून कधींच नीट परतणार नाहीं, आणि त्याबद्दल तिला कोणी बोल लावूं नये. तिचा उजवा हात पुढें करावयास तर मुळींच सांगूं नये. डाव्या हाताचें बूमरँग उजव्याच्या आरशांतल्या प्रतिमेसारखें असावें लागतें. उरलेल्या प्लायवुडावर तिनें आकार उलटा काढून घ्यावा, कडांवर ‘पुढची’, ‘मागची’ लिहावें, आणि करवतीला नवें पातें चढवावें.